आठ इंची पाइपासाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महानिर्मिती, मुंबई

सादर नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारण कार्यालयात आलेल्या पत्राचं पहिलं पान वाचलं जातं आणि उरलेलं फाइलला लागतं, एवढं मला ठाऊक आहे. राज्यातल्या कुठल्याही एका औष्णिक वीज केंद्रात, एका बॉयलरच्या इकॉनॉमायझरनंतरच्या (म्हणजे जिथे धुराच्या उष्णतेनं बॉयलरचं पाणी तापवतात, त्याच्या पुढच्या) डक्टमधून आठ इंची पाइपाची एक बगल काढून द्या. धुराचा अगदी चिमूटभर भाग त्या पाइपातून एका लोखंडी पेटीत जाईल आणि पुन्हा डक्टमध्ये येईल. त्या पेटीत आपल्या देशात तयार झालेले, त्यातही मातीपासून तयार झालेले, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारे उत्प्रेरक वर्षभर बसू द्या. मग जे काय होईल ते जाहीर करा.

आता हे कोण मागतंय आणि का, ते सांगतो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पीएच.डी. मातीवर केली. घरी हे कळलं तेव्हा वडील म्हणाले होते, "माती तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो, तुला तिची डिग्री भेटणार?" आमचं शेत काळ्या मातीचं. वैशाखात त्यात अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जावा. लहानपणी माझे दोन चेंडू त्या भेगांनी गिळलेत. मृगाचा पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात, जमीन फुगते आणि चिखल चपलेला असा धरतो की दहा पावलांत पाय किलोभर जड होतो. बांधकाम करणारे या मातीला शिव्या घालतात, कारण ती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून घराच्या भिंती तडकवते. कापूस पिकवणारे तिला आई म्हणतात.

हे सगळे खेळ करणारं खनिज स्मेक्टाइट गटातलं, मुख्यतः माँटमोरिलोनाइट. नाव फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून पडलं. आतून बघितलं तर ते पत्त्यांच्या कॅटासारखं असतं. एकेक पत्ता जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. त्यातही सिलिकाच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनाचा एक थर. प्रत्येक पत्त्यावर थोडा ऋण भार असतो आणि तो फेडायला दोन पत्त्यांमध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन सैलसर बसलेले असतात. ते सैल असल्यामुळेच त्या फटीत पाणी शिरतं. पाणी शिरतं म्हणून आमच्या घराची भिंत तडकली. आणि त्याच फटीतून लोखंड, तांबं, मँगनीज आत घालता येतं म्हणून मला डिग्री मिळाली.

उत्प्रेरकासाठी शेतातली माती चालत नाही, तिच्यात चुनखडी, वाळू, सेंद्रिय असं बरंच काही मिसळलेलं असतं. त्यासाठी कच्छचं बेंटोनाइट घेतात. तेही दख्खनच्या बेसाल्टच्याच कुजण्यातून झालेलं, म्हणजे आमच्या काळ्या मातीचं सख्खं भावंड. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला बेंटोनाइट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मोल्डिंगच्या वाळूला धरून ठेवतं ते हेच. मेट्रोच्या पायासाठी खोल खड्डे घेताना कडा ढासळू नयेत म्हणून जो राखाडी रबडा ओततात, तोही याचाच.

या मातीला उत्प्रेरक करण्याची एक रीत आहे, तिला पिलरिंग म्हणतात. खांब रोवणं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडला की अ‍ॅल्युमिनियमचे तेरा अणू एकत्र येऊन एक मोठा, सात धन भारांचा आयन बनतो. हा आयन मातीच्या दोन पत्त्यांमध्ये सोडियमची जागा घेतो. मग माती धुवायची. किती धुवायची? धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरं येणं थांबेपर्यंत. मी एकदा अकरा वेळा धुतली होती. नंतर वाळवून मफल फर्नेसमध्ये पाचशे अंशांवर भाजली की त्या आयनाचा ऑक्साइडचा पक्का खांब होतो आणि पत्ते कायमचे उघडे राहतात. क्ष-किरणांच्या आलेखावर ते स्पष्ट दिसतं: भाजलेल्या साध्या मातीचं शिखर नऊ अंशांच्या थोडं पुढे असतं, खांब रोवलेल्या मातीचं पाच अंशांच्या आसपास सरकतं. हे अंश कोनाचे. कोन जितका लहान, तितकं एका पत्त्यापासून पुढच्या पत्त्यापर्यंतचं अंतर मोठं. म्हणजे साडेनऊ अँगस्ट्रॉमचं (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) अंतर अठरावर गेलं. आता ही माती पाण्यानं फुगत नाही, उन्हानं आकसत नाही. माझ्या वडिलांना मी तो आलेख दाखवला होता. ते म्हणाले, "मग हिच्यात भेगा पडत नाहीत? पेरून पाहिली का?"

अ‍ॅल्युमिनियमऐवजी टायटॅनियमचे खांब घालता येतात, आणि त्यांवर लोखंड किंवा तांबं चढवता येतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत राल्फ यांग यांच्या गटानं अशा मातीवर अमोनिया वापरून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडण्याचं बरंच काम केलं. लोखंड चढवलेल्या टायटॅनियम-खांबी मातीनं त्यांच्या प्रयोगांत प्रचलित व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकाशी बरोबरी केली आणि काही बाबतींत मातही केली. पोलंडमध्ये क्राकूच्या यागिएलोनियन विद्यापीठात व्हर्मिक्युलाइट आणि माँटमोरिलोनाइट घेऊन हे काम पुढे चालू आहे. चीनमध्ये अ‍ॅटापुल्गाइट या धाग्यासारख्या मातीवर मँगनीज-सेरियम चढवून कमी तापमानाचे उत्प्रेरक केले गेले. मातीला हे काम नवीन नाही. १९३० च्या दशकात युजीन हूड्री यांनी जड तेल फोडून पेट्रोल काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा उत्प्रेरक म्हणजे आम्लानं धुतलेली मातीच होती.

नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांना वीज केंद्रातले लोक नुसतं 'नॉक्स' म्हणतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून थोडक्यात लिहितो. बारावीला तांब्याच्या कपच्यांवर नायट्रिक अ‍ॅसिड ओतलं की परीक्षानळीत जो तपकिरी वायू भरतो आणि मागच्या बाकावरची मुलं खोकायला लागतात, तो नायट्रोजन डायऑक्साइड. बॉयलरमधून मात्र बहुतेक नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, म्हणून चिमणीच्या तोंडाशी काही दिसत नाही. हवेत गेल्यावर तो तपकिरी होतो, उन्हात ओझोन तयार करायला हातभार लावतो आणि अमोनियाशी मिळून नायट्रेटचे सूक्ष्म कण बनवतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपण ज्या धूलिकणांच्या मागे लागलो आहोत, त्यांतला एक हिस्सा असा वायूतून जन्मतो. त्याला रस्ते झाडून आणि फवारे मारून आवरता येत नाही.

त्याला मोडायचा मार्ग जुना आणि चांगला आहे. धुरात थोडा अमोनिया सोडायचा आणि तीनशे ते चारशे अंशांवर तो धूर उत्प्रेरकावरून न्यायचा. नायट्रिक ऑक्साइडचे चार रेणू, अमोनियाचे चार आणि ऑक्सिजनचा एक यांतून नायट्रोजन आणि पाण्याची वाफ निघते. जपाननं १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे वीज केंद्रांत बसवलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर प्रत्येक नव्या मोठ्या ट्रकला निळ्या झाकणाची जी युरियाची टाकी आली, तीही याच कामाची. धाब्यावर ड्रायव्हर लोक "युरिया संपला की गाडी पळत नाही" म्हणून कुरकुरतात, पण ट्रकच्या पोटात ही रसायनशाळा रोज चालते. तिथला उत्प्रेरक बऱ्याचदा तांबं चढवलेला जिओलाइट असतो, म्हणजे मातीसारखाच सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचा, फक्त वेगळ्या बांधणीचा.

मग ट्रकला जमतं ते वीज केंद्राला का जमत नाही? याचं एका शब्दातलं उत्तर आपण दोघांनाही पाठ आहे: राख.

तो युक्तिवाद खोटा नाही, म्हणून नीट मांडतो. आपल्या कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. चाळीस टक्के धरू. एक किलो कोळसा जळला की चारशे ग्रॅम राख होते, तिच्यातली साधारण ऐंशी टक्के धुराबरोबर उडते, म्हणजे तीनशे वीस ग्रॅम. त्या किलोचा धूर होतो सुमारे सहा घनमीटर. म्हणजे एका घनमीटर धुरात पन्नास ग्रॅमच्या वर राख, आणि तीही कशी, क्वार्ट्झनं भरलेली, सँडपेपरसारखी. ही राख मधमाशीच्या पोळ्यासारख्या उत्प्रेरकाच्या विटांमधून दिवसरात्र वाहते. विटांची छिद्रं काही मिलिमीटरची. ती बुजतात, त्यांच्या कडा घासून जातात, आणि राखेतलं पोटॅशियम-सोडियम उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागा, म्हणजे जिथे खरं काम होतं त्याच, मारतं. वर गंधक असतंच. काही गंधक डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होतो, तो उरलेल्या अमोनियाशी मिळून चिकट बायसल्फेट बनवतो आणि पुढे भट्टीची हवा तापवणारा एअर प्रीहीटर जाम करतो.

पर्यावरण मंत्रालयाची डिसेंबर २०१५ ची अधिसूचना आपल्यासमोर आहेच. २००३ पर्यंतच्या संचांना नॉक्सची मर्यादा घनमीटरला ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ च्या संचांना ३००, आणि त्यानंतरच्यांना १००. मधल्या गटाबद्दल वीज उत्पादकांनी राखेचं कारण पुढे केलं. बर्नर बदलून आणि हवेची मांडणी बदलून ४५० च्या आसपास जाता येतं, पुढचं आपल्या राखेत जमणार नाही, असं सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ३०० चे ४५० झाले.

हा फरक कागदावर लहान दिसतो. पाचशे मेगावॅटचा एक संच ताशी सुमारे वीस लाख घनमीटर धूर सोडतो. १५० मिलिग्रॅमच्या फरकानं तासाला तीनशे किलो नॉक्स होतो. एका संचाचा. तासाला.

मला त्या निर्णयावर चर्चा पुन्हा उकरून काढायची नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की "आपल्या राखेत चालत नाही" हे वाक्य ज्या उत्प्रेरकांकडे बघून म्हटलं गेलं, ते परदेशी कोळशासाठी घडलेले होते. कमी राख, जास्त गंधक, हा त्यांचा धर्म. आपला कोळसा बरोबर उलटा: राख भरमसाट आणि गंधक साधारण अर्धा टक्का. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्याला दाटला, आणि आपण ठरवलं की आपल्याला सदरा घालताच येत नाही.

शिवाय १०० ची मर्यादा तशीच आहे. २०१७ नंतरचे संच बर्नर बदलून शंभरपर्यंत पोहोचत नाहीत. तिथे कधी ना कधी उत्प्रेरक लागणारच. तेव्हा तो कुणाच्या मातीचा असेल?

मातीची बाजू मी भाबडेपणानं घेत नाही, तिची खोट मला वेळोवेळी दिसली आहे. खांब रोवलेली माती पाचशे-सहाशे अंशांच्या वर वाफेत फार काळ ठेवली की खांब खचतात आणि पत्ते पुन्हा मिटतात. कच्छच्या एका खाणीतल्या बेंटोनाइटमध्ये लोखंड जास्त, शेजारच्या खाणीतल्यात कमी. प्रयोगशाळेत हे चालून जातं, कारखान्यात नाही. मँगनीजचे कमी तापमानाचे उत्प्रेरक गंधकापुढे लवकर मान टाकतात, आणि आपलं गंधक कमी असलं तरी शून्य नाही. आणि माती स्वस्त असली तरी पिलरिंग स्वस्त नाही. दोन टक्क्यांच्या पातळ रबड्यात हे काम करायचं म्हटलं तर एक किलो मातीला पन्नास लिटर पाणी नुसतं भिजवायलाच लागतं, धुण्याचं वेगळं. एका मोठ्या संचाला उत्प्रेरक लागतो शेकडो घनमीटर. तेवढ्या पाण्याचा हिशेब विदर्भात कुणी मे महिन्यात माझ्यासमोर मांडला तर मी मान खाली घालीन. म्हणूनच आता दाट कणकेसारख्या मातीत खांब रोवण्याच्या, किंवा खांबांची भानगडच सोडून आम्लानं धुतलेल्या मातीवर थेट धातू चढवण्याच्या वाटा शोधल्या जात आहेत.

पण मातीचा एक गुण असा आहे की तो कुठल्या आलेखात दिसत नाही. तिला आकार देता येतो. प्रचलित उत्प्रेरकातल्या टायटॅनियाची, म्हणजे टायटॅनियमच्या ऑक्साइडची, भुकटी विटेत बांधायला काही तरी धरून ठेवणारं लागतं. माती स्वतःच धरते. स्पेनमध्ये सेपिओलाइट नावाची माती वापरून असे पोळ्याच्या घडणीचे उत्प्रेरक केले गेलेत, ते याच गुणावर. आणि आकार देता आला की राखेला वाट देता येते: छिद्रं मोठी ठेवता येतात, भिंती जाड करता येतात, झिजली तरी आतून तोच माल निघेल अशी वीट करता येते. वर चढवलेला पातळ थर राखेनं खरवडून गेला की संपलं. अंगभर उत्प्रेरक असलेली वीट झिजत झिजतसुद्धा काम करते. राखेच्या देशात ही गोष्ट मोलाची असावी असं मला वाटतं. 'वाटतं' असं मुद्दाम लिहिलंय. बघितल्याशिवाय यापुढचं क्रियापद मला वापरता येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग सांगतो. एक विद्यार्थिनी एम.एस्सी.चा प्रकल्प करत होती. लोखंड चढवलेलं बेंटोनाइट भुकटीच्या रूपात चांगलं चालत होतं, पण भुकटीतून धूर जोरात जात नाही, तिच्या कांड्या हव्यात. एक्सट्रूडर आमच्याकडे कुठला. दुसऱ्या दिवशी ती घरून पितळेचा सोऱ्या घेऊन आली. चकलीची चकती काढून जाड शेवेची लावली, मातीची कणीक आत दाबली आणि वर्तमानपत्रावर शेवा पाडल्या. पाणी थोडं जास्त झालं की शेव लोळायची, कमी झालं की सोऱ्याचा दांडा फिरायचा नाही. तिसऱ्या घाण्याला जमलं. सावलीत दोन दिवस वाळवल्या, भाजल्या, बोटभर लांबीचे तुकडे केले, क्वार्ट्झच्या नळीत भरले. साडेतीनशे अंशांवर नायट्रिक ऑक्साइडचा आकडा यंत्रावर उतरत गेला तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. सोऱ्या मात्र तिच्या आईनं परत स्वयंपाकघरात घेतला नाही.

मग तिला मी विचारलं, "राखेत काय होईल?" राखेच्या विटा करणाऱ्या एकाकडून गोणीभर फ्लाय अ‍ॅश आणली, ब्लोअरनं नळीत फुंकली. तासाभरात नळी बुजली. ती रडवेली झाली. मी म्हटलं, अगं, हा निकाल नाही, हे नाटक आहे. गोणीतली थंड, दमट, महिनाभर पडलेली राख आणि साडेतीनशे अंशांच्या धुरात उडणारी ताजी राख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओल्या रेतीत पोहून बघितलं आणि समुद्र वाईट म्हटलं, तसं ते झालं असतं.

तेव्हा आम्ही एका वीज केंद्राला पत्र लिहिलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी आमच्याशी वाईट वागणूक केली नाही. फक्त शंभर ग्रॅम कांड्या जाळीच्या पिशवीत घालून डक्टच्या तपासणीच्या छिद्रातून आठवडाभर आत लोंबकळत ठेवायच्या होत्या. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. पुढे गेटपासचे अर्ज, मग "शटडाउनमध्ये या", मग शटडाउन झाल्याचं आम्हाला संच सुरू झाल्यावर कळलं. चौदा महिन्यांनी एक तरुण अभियंता फोनवर खरं बोलला. "सर, पिशवी तुटून आत पडली तर सही कोणाची? एवढाच प्रश्न आहे." त्याचं बरोबर होतं. चालू संचात काही घालायला परवानगी देणारी सही त्याच्या पगाराच्या मापाची नव्हती. ती विद्यार्थिनी आता औषधाच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. चांगली नोकरी आहे.

हा प्रसंग फक्त आमचा नाही. देशात मातीच्या, जिओलाइटच्या, लोखंड-मँगनीजच्या उत्प्रेरकांवर जे प्रयोग होतात, ते बहुतेक सगळे सिलिंडरमधल्या स्वच्छ वायूवर. अर्धा ग्रॅम भुकटी, काही तास, राख नाही, आर्सेनिक नाही, पावसाळ्यातला ओला कोळसा नाही. उद्योगात उत्प्रेरकाची हमी सोळा ते चोवीस हजार तासांची मागतात. या दोन टोकांमध्ये पूल नाही, आणि तो प्रयोगशाळेला बांधता येत नाही. धूर आपल्याकडे आहे.

म्हणून ती आठ इंची बगल. ताशी पाचशे घनमीटर धूर, म्हणजे पाचशे मेगावॅटच्या संचाच्या धुराचा चार हजारावा भाग. बॉयलरला त्याची दखलही लागणार नाही. दोन्ही बाजूंना झडपा, म्हणजे पेटी बंद करून उघडता येईल आणि संच थांबवावा लागणार नाही. तुटलेला तुकडा मुख्य डक्टमध्ये जाऊ नये म्हणून बाहेर पडताना जाळी. त्या तरुण अभियंत्याच्या प्रश्नाचं उत्तर या जाळीत आहे. अमोनिया किती लागेल? माझ्या ढोबळ हिशेबानं ताशी शंभर ग्रॅमही नाही. पन्नास किलोचं एक सिलिंडर तीन आठवड्यांच्या वर पुरेल. राख मात्र भरपूर मिळेल: तासाला पंचवीस किलो, म्हणजे दर दोन तासांना सिमेंटच्या एका गोणीएवढी त्या पेटीतून वाहून जाईल. हीच तर परीक्षा.

पेटीत चार कप्पे असावेत. एका कप्प्यात बाजारात मिळणारा व्हॅनेडियमचा उत्प्रेरक हवाच, तुलनेला. नाहीतर मातीवाले स्वतःच्याच पाठीवर थाप मारत बसतील. आम्ही तसे असतो. उरलेल्या तीन कप्प्यांसाठी देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेनं अर्ज करावा. राज्यातच बघायचं तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, नागपुरात पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, पवईला आयआयटी आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेत मातीच्या रसायनावर वर्षानुवर्षं काम चालत आलं आहे. दर महिन्याला नॉक्स, निसटलेला अमोनिया, दाबातली घट आणि विटेचं वजन, एवढे चार आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर टाका. वजन विसरू नका. वीट किती झिजली ते तोच आकडा सांगतो, आणि संशोधनाच्या लेखांत तोच नसतो.

आणखी एक जागा तपासायला हवी, ती म्हणजे ईएसपीच्या, धुरातली राख विजेच्या भारानं पकडणाऱ्या यंत्राच्या, नंतरची. तिथे राख जवळजवळ संपलेली असते, पण धूर एकशे तीस-चाळीस अंशांपर्यंत थंड झालेला असतो. त्या तापमानाला व्हॅनेडियम झोपलेला असतो. मँगनीज-लोखंडाच्या मातीला तिथे संधी आहे. अडचण गंधकाची. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं बहुतांश केंद्रांना गंधक काढणाऱ्या एफजीडीतून सूट मिळाली, त्यामुळे तिथला धूर गंधकासह तसाच राहणार. त्या सुटीबद्दल माझं मत वेगळं आहे, पण इथे त्याची जागा नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एवढंच की आता आपल्याला गंधक सोसणारा, थंडीत जागणारा उत्प्रेरक हवा, आणि तो कुठलाही परदेशी विक्रेता आपल्यासाठी आपणहून बनवणार नाही, कारण हा मेळ त्यांच्याकडे नाहीच. वर्षभरानंतर दुसरी बगल तिथे काढता येईल. आधी पहिली.

प्रदूषण मंडळानं यात काय करायचं, असा प्रश्न येईल. मंडळाची परवानगी नसेल तर वीज केंद्र हात लावणार नाही, आणि केंद्राची तयारी नसेल तर मंडळ परवानगी कशाला देणार. म्हणून पत्र दोघांना मिळून लिहिलं. दोन पत्रं लिहिली असती तर दोघांनीही ती एकमेकांकडे अग्रेषित केली असती. राग मानू नये, सरकारी महाविद्यालयात राहून मीही आयुष्यभर अग्रेषितच केलं.

आणि समजा सगळे मातीचे उत्प्रेरक तीन महिन्यांत बुजले, तर? तर तेही छापा. कोणती छिद्रं आधी बुजली, कडेची की मधली, राखेत काय सापडलं, कोणती माती सर्वांत उशिरा मेली. दहा वर्षं आपण "आपल्या राखेत चालत नाही" हे वाक्य म्हणत आलो. ते खरं ठरलं तरी निदान आपल्या मातीवर, आपल्या धुरात तपासून खरं ठरलेलं असेल, आणि पुढच्या मुलीला सोऱ्या कुठून फिरवायला सुरुवात करायची ते कळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

ता. क. पेटीचं कच्चं रेखाचित्र तयार आहे. गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलंय, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. त्यानं एकच शंका काढली: राख खाली साचेल, तर तळ तिरका ठेवून खाली एक झाकण द्या. मी ते सुचवलं नव्हतं. रेखाचित्रात आता ते झाकण आहे.